सुधाच्या टेबलाची कड

६ जानेवारी १९५७, रविवार. वर्धा.
सुधासाठी टेबल करायचे ठरले. मीच ठरवले, करणारही मीच. पोरगी मार्चमध्ये मॅट्रिकला बसणार आणि अजून सतरंजीवर पोक काढून वाचते. शिवाय तिने आईजवळ, म्हणजे शरयूजवळ, एक नवीनच विषय काढला आहे. मॅट्रिकनंतर म्हणे नागपूरला होस्टेलवर राहायचे आणि सायन्स घ्यायचे. मी शांतपणे विचार केला. मुलीला घर सोडावेसे का वाटते? घरात सोय नसते म्हणून. उत्तम टेबल असल्यावर नागपूरला कोण कशाला जाईल?

जेवताना जाहीर केले की टेबल पूर्ण होईपर्यंत नागपूरचा विषय घरात निघणार नाही. टेबल झाले की बसून बोलू. सुधाने विचारले, कधी होईल? म्हटले, महिनाअखेर. शरयू म्हणाली, सुताराला सांगा, त्याच्या आधीच होईल. तिला यातले कळत नाही.

८ जानेवारी
लाकूड मिळाले. आमचे घरमालक लक्ष्मणराव मूळचे आंजीचे. शेती तिकडे, बिऱ्हाड इथे. पुढच्या भागात ते राहतात, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आंजीच्या घराच्या माळ्यावर पडलेली सागाची फळी त्यांनी बैलबंडीत घालून आणून दिली. एकसंध, चांगली जाड, दाराएवढी. म्हणाले, सुधासाठी देऊन राह्यलो, तुमच्यासाठी नाई. विनोदी माणूस.

१३ जानेवारी, रविवार
टेबलाचे मर्म पायांत नसते, कडेत असते. हे आज फळीवर हात ठेवून बसलो तेव्हा लक्षात आले. कड काटकोनी असली तर लिहिताना मनगटाला टोचते. ती तिरकी तासली पाहिजे. इंग्रजीत याला चांफर म्हणतात. सुतार लोक रंधा घेऊन नुसत्या अंदाजाने मारतात. मला अंदाज नको, सायन्स हवे.

योगायोग पाहा. कचेरीतले प्रभाकरराव यांच्याकडे लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्या डिस्पोजल मालाच्या लिलावातले एक विलायती यंत्र आहे. नाव राउटर. वर विजेची मोटर, खाली गरगर फिरणारे पाते. पात्याला बिट म्हणतात. जसे बिट लावावे तशी कड निघते. प्रभाकररावांनी ते एकदाच चालवले होते, पुन्हा वेळ झाला नाही म्हणाले. मी माझी सायकल दिली, त्यांनी यंत्र दिले. ते इतक्या घाईने सायकलवर बसून गेले की मला त्यांच्या दिलदारपणाचे नवल वाटले.

पायी कचेरीत जाणे प्रकृतीला चांगले.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ देऊन झाल्यावर यंत्राचा डबा उघडला. आत बिटांची एक लहान पेटी आणि इंग्रजी पुस्तिका. तिरक्या कडेची बिटे तीन निघाली: लहान, मधले, मोठे. प्रत्येकाच्या टोकाला एक गुळगुळीत खुंटी. ही खुंटी लाकडाला घासत जाते आणि पात्याला फार आत शिरू देत नाही.

पुस्तिकेचे म्हणणे असे: फळीची जाडी पाहून बिट निवडा. अर्ध्या जाडीपेक्षा जास्त तासू नका. एकदम खोल न जाता थोडे थोडे उतरवा. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. इत्यादी. हे सर्व नवशिक्यांसाठी असावे. मी मोठे बिट निवडले. कड करायची तर ती दिसली पाहिजे.

१६ जानेवारी
यंत्राला करंट पाहिजे. आमच्या बिऱ्हाडात दिव्याचे दोनच पॉइंट. बाहेरच्या खोलीतला बल्ब काढून त्याच्या होल्डरला वायर जोडायची, असे ठरवले. म्हणजे यंत्र चालू असताना तिथे उजेड नाही. सुधा त्याच खोलीत वाचते. टेम्पररी अडचण. तिला समजावले की हे सर्व तिच्यासाठीच आहे. ती पुस्तके घेऊन स्वयंपाकघरात गेली.

२० जानेवारी, रविवार
आज प्रारंभ. दुपारी यंत्र सुरू केले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा. लक्ष्मणरावांचे बैल उठून उभे राहिले.

यंत्र उजवीकडून डावीकडे नेऊ लागलो. कडेला टेकताच ते आपणहून धावू लागले. ताकद फार. मी दांडे धरून मागे मागे. फळीचे टोक आले तरी थांबेना, पुढे भिंतीकडे निघाले. वायर संपली तेव्हा थांबले. होल्डर हाती आला.

जेवणानंतर पुस्तिका पुन्हा पाहिली. यंत्र पात्याच्या फिरण्याविरुद्ध, म्हणजे डावीकडून उजवीकडे न्यावे, असे ठळक अक्षरांत छापले आहे. इतके ठळक छापायचे होते तर पहिल्या पानावर छापायचे.

कडेवर लाटा उठल्या आहेत. शरयूने विचारले, नक्षी मुद्दाम केली का? म्हटले, तूर्त तशीच समज.

२७ जानेवारी, रविवार
लाटा काढायला करवतीने ती पूर्ण कड कापून टाकली. फळी मोठी होतीच.

योग्य दिशेने नेले. लांब बाजू छान निघाली. मग आखूड बाजू. इथे लाकडाचे रेषे आडवे येतात. टोकाशी पोचलो आणि कोपऱ्याचे ढलपे उडून गेले. पुस्तिका म्हणते, आखूड बाजू आधी करा, लांब नंतर, म्हणजे फाटलेला कोपरा नंतरच्या तासणीत निघून जातो. ठीक. पण एक कोपरा गेलाच आहे तर बाकीचे तीनही कापले. आता टेबल अष्टकोनी. घरोघर दिसणारी गोष्ट नाही.

३१ जानेवारी
महिना संपला. सुधाने विचारले, टेबल झालं का, बाबा? तिची उत्कंठा पाहून बरे वाटले. म्हटले, होळीपर्यंत नक्की. तिने आईकडे पाहिले.

१० फेब्रुवारी, रविवार
आज घाई केली नाही. सावकाश, अगदी सावकाश यंत्र फिरवले. धूर निघाला. ती जी खुंटी आहे, तीही पात्याबरोबर गरगर फिरते. एका जागी रेंगाळले की लाकूड जाळते. कडेभोवती काळा पट्टा उमटला. लुगड्याच्या काठासारखा शोभून दिसतो. शरयूला तसे सांगितले. ती म्हणाली, जळकं लुगडं कोण नेसतं?

संध्याकाळी पुन्हा लावले तेव्हा फ्यूज उडाला. सगळ्या घरात अंधार. लक्ष्मणराव कंदील घेऊन आले, त्यांनी तो यंत्रावर धरला. मग म्हणाले, दिवस मावळल्यावर हे लावायचं नाई. मी सांगितले की दोष त्यांच्या वायरिंगचा आहे. ते म्हणाले, वायरिंग सात वर्सं गुपचूप बसून होती.

सुधा पुस्तके उचलून पुढच्या भागात गेली आहे. तिथे कापसाची खोली आहे. जिनात, सरकी काढायला, जायचा कापूस छतापर्यंत भरलेला. त्या गंजीला टेकून, कंदिलाशी वाचते. देवकाबाईंनी, म्हणजे लक्ष्मणरावांच्या मंडळींनी, तिला जागा करून दिली. हवा कोंदट असणार. टेबल झाले की येईल परत.

१७ फेब्रुवारी, रविवार
जळका पट्टा काढण्यासाठी चारी बाजू पुन्हा कापल्या. अष्टकोन असल्यामुळे बाजू आठ आहेत, हे अर्धे काम झाल्यावर लक्षात आले.

देवकाबाईंना आंगणात भेटलो. म्हटले, सुधाचा तुम्हाला त्रास. त्या म्हणाल्या, त्रास कायचा, पोरगी गुमान वाचून राह्यते, मधूनच मले शास्तर समजावून सांगते. पाणी कसं उकळते ते सांगितलं. मी म्हटले, पाणी उकळणे सर्वांना माहीत असते. त्या म्हणाल्या, काऊन उकळते ते नाई ना माहीत.

हे मला तिने कधी सांगितले नाही.

२६ फेब्रुवारी. वडनेर.
इलेक्शनची ड्यूटी. शाळेच्या ओसरीत मुक्काम. ओसरीतल्या बाकांच्या कडा पाहिल्या, अत्यंत निष्काळजी काम. टेबल डोळ्यांसमोरून हलत नाही. परत गेलो की मोठे बिट सोडून मधले लावावे काय? नको. अर्ध्यात बदल केला की कामात एकजिनसीपणा राहत नाही.

४ मार्च
परत आलो. अपेक्षा नसताना एक गोष्ट खटकली. मी नसताना घर फार शांत आणि आनंदी होते, असे शरयू म्हणाली. सुधा बाहेरच्या खोलीत बल्बखाली वाचत होती. मी आलो तशी उठली. म्हटले, बस. ती म्हणाली, नको, तुम्हाला होल्डर लागेल. टेबल झालं का हेही विचारले. मी वडनेरला असताना कसे होईल? पण मुलांना धीर नसतो.

१० मार्च, रविवार
यश! आठही बाजू एका दमात. लाटा नाहीत, डाग नाही, कोपरे शाबूत. मोठे बिट पूर्ण खोल उतरवले आणि भव्य उतार निघाला. सूर्यप्रकाशात फळी हिऱ्यासारखी दिसते. आता फक्त पाय बसवायचे. ते क्षुल्लक.

१२ मार्च
सुधाला टेबल दाखवले. तिने कडेवरून हात फिरवला. बोट कापले.

उतार इतका खोल गेला आहे की फळीची जाडीच उरली नाही. वरून तिरके, खाली सुरीसारखी धार. बोट उजव्या हाताचे, अंगठ्याजवळचे. रक्त लवकर थांबेना. शरयूने हळद दाबली, चिंधी बांधली. सुधा रडली नाही. मलाच म्हणाली, काही नाही हो, बाबा.

परीक्षा सोमवारी सुरू होते.

१३ मार्च
यंत्राला हात लावला नाही.

१४ मार्च
आजही नाही. सुधा चिंधी बांधलेल्या बोटाने लिहून पाहत होती. अक्षर मोठे आणि तिरके येते. मी दारात उभा होतो, तिने पाहिले नाही.  

१८ मार्च
पहिला पेपर. सेंटर लांब, सायकल असती तर डबलसीट सोडले असते. पायी बरोबर गेलो. वाटेत प्रभाकरराव माझ्या सायकलवरून गेले, घंटी वाजवून. सुधाला म्हटले, पेन जपून धर. म्हणाली, धरीन. फाटकातून आत गेली आणि मागे वळून न पाहता मुलींच्या रांगेत मिसळली. उंच झाली आहे. कधी झाली?

७ एप्रिल, रविवार
परीक्षा संपून गेली. आता घाई नाही म्हणून काम नीट होईल. धारेचा भाग कापून टाकला. खालच्या बाजूनेही चांफर द्यावा असा विचार आहे.

२१ एप्रिल, रविवार
खालच्या बाजूने दिला. दोन्ही उतार मधोमध भेटले. पुन्हा धार. पुन्हा कापावे लागले.

५ मे, रविवार
ऊन फार. वायर दारातून अंगणात घेतली, पण यंत्र धरवत नाही, दांडे तापतात. लक्ष्मणराव आंब्याच्या सावलीत खाटेवर पडून माझ्याकडे बघत होते. कुशीवर वळून म्हणाले, “काऊन हो नरहरराव, टेबल लहान होऊन राह्यलं का? आंजीहून निंगालं तवा दाराएवढं होतं.”

मी सांगितले की उन्हाळ्यात लाकूड आकसते.

१९ मे, रविवार
लहान बिट लावून पाहिले. अर्ध्या जाडीपेक्षा कमी, थोडे थोडे उतरवून, आखूड बाजू आधी. कड स्वच्छ निघाली. हात फिरवला, टोचले नाही. आता यात करण्यासारखे काही उरले नाही असे कोणालाही वाटले असते.

मला वाटले नाही. उताराचा कोन जरा बोथट आहे. पुन्हा करीन.

९ जून, रविवार
रिझल्ट. सुधा फर्स्ट क्लास. शाळेत दुसरी. देव्हाऱ्यापुढे पेढे ठेवून ती आधी देवकाबाईंकडे धावली. त्या तिचे तोंड दोन्ही हातांत धरून रडत होत्या. लक्ष्मणराव मला म्हणाले, कापसातून निंगाली पोरगी, पांढरी शुभ्र. मी म्हटले, टेबलाची ओढ होती म्हणून जिद्दीने अभ्यास केला. त्यांनी पेढा तोंडात टाकला.

संध्याकाळी सुधा माझ्याजवळ येऊन बसली. विचारले, टेबल कधी होईल? म्हटले, आता तर फर्स्ट क्लासच्या मुलीला शोभेलसे व्हायला हवे. पुन्हा पहिल्यापासून बघतो. ती उठून आत गेली. नंतर आतून दोघींचे हळू आवाजातले बोलणे येत होते. माझे नाव निघाले नाही.

१६ जून, रविवार
काय झाले ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी फिरायला गेलो होतो. परत आलो तर बाहेरच्या खोलीत रॉकेलचे दोन रिकामे डबे उभे, त्यांवर माझी फळी, तिच्यावर शरयूचा विणलेला पांढरा रुमाल. रुमाल पाटावर घालायचा, पण फळीला पुरून उरला, कडेने खाली लोंबत होता. त्यावर कंदील आणि सुधाचे भूगोलाचे पुस्तक. सुधा दारात, शरयू टेबलाशी.

शरयू म्हणाली, “टेबल झालं. आता बोला.”

म्हटले, याला पाय नाहीत. कोन पूर्ण झालेला नाही. पॉलिश बाकी आहे.

ती म्हणाली, “असंच चालू ठेवलंत तर फळी संपेल, टेबल होणार नाही. होस्टेलमध्ये नाव घालायचे शेवटचे दिवस आहेत. तिला जाऊ द्यायचं नसेल तर तसं तोंडानं सांगा. ती ऐकेल तुमचं. म्हणूनच तर थांबली आहे.”

मी सुधाकडे पाहिले. ती खाली बघत होती. बोटावर बारीक पांढरी रेघ राहिली आहे. मला सांगायचे होते की वर्ध्यातही शिक्षण चांगले मिळते, आर्ट्सही वाईट नाही, नागपूरचे पाणी बाधते. त्याऐवजी मी रुमाल उचलून कडेवरून हात फिरवला. कुठेही टोचेना. फार दिवसांपासून टोचत नव्हती.

काय बोललो ते सर्व आठवत नाही. ‘जा’ म्हणालो एवढे आठवते. मला ‘जाऊ नको’ म्हणायचे होते की काय, हे टेबलाच्या गडबडीत ठरवायचेच राहून गेले.

सुधा वाकून नमस्कार करायला आली आणि तशीच माझ्या पायांशी बसून राहिली. शरयूने रुमाल काढून घडी घातली.

२३ जून, रविवार
यंत्र चालवले नाही. ऊन नव्हते, करंट होता, फ्यूज शाबूत होता. कारण सापडले नाही.

७ जुलै, रविवार. नागपूर.
सुधाला होस्टेलवर पोचवले. शरयू येणार होती, ऐन वेळी म्हणाली तुम्ही दोघंच जा. पॅसेंजरमध्ये सुधा खिडकीशी. वाटेत सिंदी स्टेशनवर चहा घेतला. पाणी का उकळते ते मी तिला विचारले. तिने वाफेचा दाब आणि हवेचा दाब असे काहीतरी समजावून सांगितले. सगळे कळले नाही. मान डोलावली, आणखी एकदा सांग म्हटले. तिने सांगितले. स्टेशन लवकर आले.

खोलीत दोन मुली. दुसरी अकोल्याची. प्रत्येकीला लोखंडी खाट, भिंतीतले कपाट आणि एक टेबल. होस्टेलकडूनच. मोठे, चार पायांचे, खण असलेले. मी कडेवरून हात फिरवला. काटकोनी, टोचते. म्हटले, पुढच्या रविवारी यंत्र घेऊन येतो, लहान बिट लावले की दुपारपर्यंत होईल.

अकोल्याची मुलगी कपाटात काहीतरी शोधू लागली. सुधा मला फाटकापर्यंत पोचवायला आली. तिथे थांबून म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसतेच या.”

म्हटले, बरे.

गाडीत जागा मिळाली होती. तरी सिंदीपर्यंत दारातच उभा राहिलो. आत उकडत होते.

१४ जुलै, रविवार
सकाळच्या गाडीने नागपूर. यंत्र नेले नाही. होस्टेलमध्ये करंट वेगळ्या जातीचा असतो असे ऐकले आहे, मोटर जळण्याचा संभव. शरयूने चिवड्याचा डबा दिला होता, तो पिशवीत.

सुधा फाटकाशी वाट बघत होती. आधी पिशवीत डोकावली, मग माझ्याकडे पाहून हसली. चिवडा तिला पहिल्यापासून आवडतो.